डोंगराचं पाणी, गाळ्यांचं पाणी

मुलुंडहून सकाळच्या बसने आम्ही दोघी आरे कॉलनीकडे निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाची पेटी होती आणि तिच्यात आम्लाने धुतलेल्या बाटल्या. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. शेजारी बसलेली माझी मैत्रीण नेहा भूगर्भशास्त्र शिकवते. बोलावणं होतं तिच्या ओळखीच्या, पाड्यावरच्या (आदिवासी वस्तीवरच्या) जानकीबाईंचं.

"सुनेला दिवस गेलेत," तळ्याकाठी पाग (हाताने फेकायचं जाळं) वाळत घालत त्या म्हणाल्या. "इथले मासे तिला घालू का नको, तेवढं सांगा."

तळ्याला दोन ओहोळ मिळतात. एक डोंगरावरच्या जंगलातून येतो, दुसरा धातूला मुलामा देणाऱ्या गाळ्यांमागून. दुसऱ्याचं पाणी पिवळट होतं. बाटली भरत होते, तेवढ्यात एक गाळेवाला बाहेर आला.

"कशाला टाइमपास करता मॅडम? डोंगर काळ्या दगडाचा आहे ना, त्यातूनच येतं सगळं."

"दगडातून थोडं येतंच," नेहा म्हणाली. "किती, तेच बघायला वर चाललोय."

करवंदीच्या जाळ्यांतून चढलो. कातळातून झिरपणारं गार पाणी बाटलीत घेतलं आणि उतरताना शेवाळावरून माझा पाय सटकला. गुडघा सोलला, बाटली निसटली, पाणी चिखलात गेलं.

"वाट लागली!"

"तू बस गं. मी जाऊन येते."

"नाही, मीपण येते. हे पाणी नसेल तर तो म्हणतो तेच खरं ठरेल."

लंगडत पुन्हा वर गेले. खाली आलो तेव्हा जानकीबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. तळ्यातले मासे आम्ही तपासायला मागून घेतले.

डोंगराच्या पाण्यात निघालं थोडं लोह, थोडं मँगनीज. गाळ्यांच्या पाण्यात क्रोमियम, निकेल आणि शिसं. शिसं माशांतही होतं. मासे सुनेला देऊ नका, हे सांगायला आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो.

जानकीबाईंनी तळ्याकडे हात केला. "सासूच्या वेळेपासून ह्यानंच पोसलंय आम्हाला," म्हणाल्या. मग पदर खोचून उठल्या. "कुठं सांगायचं ते दाखवा. चला."

प्रदूषणाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयातला साहेब म्हणाला, "अर्ज ठेवून जा." जानकीबाईंनी खुर्ची ओढली. "माणूस कधी पाठवता, ते ऐकूनच जाणार."

माणूस आला. त्यानेही दोन्ही ओहोळांचं पाणी नेलं, आणि पुढे गाळ्यांमागून ओहोळात सोडलेला पाइप बंद झाला. जानकीबाईंना नात झाली. सुनेसाठी त्या मासे बाजारातून आणतात आणि भाव ऐकून दर वेळी चिडतात.

मुलुंडला परतताना बसमध्ये तळ्याचाच विचार असतो. पाणी आता नितळ दिसतं, पण तळाच्या चिखलात शिसं आहेच. ते कधी जाईल, मला सांगता येत नाही. तपासत राहणं जमतं, म्हणून दर महिन्याला बाटली भरायला जाते.