सगळ्याला हो म्हणणारा माणूस

भिंतीवरच्या टीव्हीवर माझ्या बायकोचा मेसेज उमटला, तेव्हा मी नुसत्या मोज्यांवर उभा होतो. उजव्या मोज्याला भोक. अंगठा बाहेर.

बूट दाराबाहेर काढायला सांगितलं होतं. आत गालिचा होता. आत बसलेल्यांच्या पायांत बूट होते, पण त्यांच्या बुटांना गालिचा ओळखत असावा.

चौदा माणसं होती. मी मोजली. दुसरं काही करायला नव्हतं.

मेसेज असा: "डाक्टरनी गर्भपिशवी काढाया सांगितली. मला भ्या वाटतंय. कुनाला सांगू नका."

आधी चौदा जणांनी वाचला. पंधरावा मी.

हे तिथवर कसं आलं, ते सांगतो. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं पॅकिंगला आहे. कंत्राटी. मूळ परभणीकडचा, राहायला कुरुळीत. कंपनीनं हजेरीसाठी मोबाइलचं ॲप बनवायला घेतलं होतं. ते पक्कं झालं नव्हतं. कुणाच्या तरी फोनवर आधी चालवून बघायचं होतं. पर्मनंट कामगारांच्या युनियननं विचारलं, "यात काय काय जातं ते लेखी द्या." मग ते आमच्याकडं आलं. आमच्यात लेखी मागायची पद्धत नाही. आमच्यात "सही कुठं करू?" असं विचारायची पद्धत आहे. ठेकेदारानं जिथं बोट ठेवलं तिथं मी आजवर सही केली. कोऱ्या कागदावरसुद्धा.

त्यामुळं ॲपनं विचारलं, फोनमधले नंबर बघू का? हो. मेसेज? हो. फोटो? हो. तुम्ही कुठं जाता ते? हो. सत्यनारायणाला बसलेला माणूस गुरुजींच्या मागं 'मम' म्हणतो, तसा मी फोनच्या मागं म्हणत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर एकच मेसेज गेला: "आपण आज कामावर गैरहजर आहात. कारण कळवा." दूधवाल्याला गेला. मेहुण्याला गेला. आठ वर्षांमागं रिटायर झालेल्या माझ्या व्याह्यांना गेला. त्यांचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन, "दादा, मला परत बोलावलंय का हो?" गावाकडच्या चुलतभावानं तर कारणही कळवलं: म्हैस व्यायलीय.

म्हणून मला वर ऑफिसात बोलावलं. ॲप बनवणारा इंजिनिअर वाकडहून यायचा. माझ्या मुलीच्या वयाचा. त्यानं माझा फोन वायरीनं टीव्हीला जोडला आणि मी काय काय दाबलंय ते सगळ्यांना दाखवलं.

"बघा, काकांनी सगळ्याला हो म्हटलंय. एक ओळ वाचली नाही. मला असाच अडाणी युजर पाहिजे होता."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, कौतुकच चाललंय.

तेवढ्यात तो मेसेज आला. बायको दिघीला तिच्या बहिणीकडं गेली होती, तिथल्या दवाखान्यातून तिनं टाकलेला. मोठ्या अक्षरांत. भिंतीवर हातभर. एक बाई खाली बघायला लागल्या. वायर कुणी काढली नाही. मागून एक जण म्हणाला, "काका, काकूंना सांगा, मीटिंगमध्ये आहात."

पुन्हा हसले.

मीही. हे कागदावर लिहायला मला दोन महिने लागले: सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

बाहेर येऊन बूट घातले. नाड्या बांधल्या. लाइनवर जाऊन खोके चिकटवले. राग नाही, रडू नाही. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसा मी अख्खाच.

घरी गेलो. ती दिघीहून परतली होती, भाकरी थापत होती. तिला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.

"कितीजन व्हते?"

"चौदा."

"बाया?"

"दोन."

"मंग तुमी काय केलं?"

"हसलो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. उलटली. माझ्याकडं बघितलं नाही.

मागच्या दिवाळीत मुलीनं तिला टाइप करायला शिकवलं होतं. एका बोटानं लिहायची. "दळन आना" हे दिवसातून दोनदा यायचं, दळण आणलेलं असलं तरी. त्या दिवसापासून तिनं एक मेसेज टाकला नाही. काही लागलं तर मिस कॉल देते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, हिंडूफिरू लागली. मेसेज नाही.

मग ॲपची सुधारलेली आवृत्ती आली. आम्ही चाळीसेक कंत्राटी, सकाळी गेटवर रांगेत, हातात फोन. इंजिनिअर समोर, शेजारी सुपरवायझर.

"काका, पुढं या," सुपरवायझर म्हणाला. "तुम्हाला अनुभव आहे. तुम्ही टाकलं की ही सगळी टाकतील."

टाकलं. फोननं विचारलं, मेसेज वाचण्याची परवानगी द्यायची का? मी ती ओळ वाचली. मग परत वाचली. रांग थांबली.

"काय झालं काका, चष्मा विसरलात?"

"चष्मा आहे." मग इंजिनिअरला विचारलं, "साहेब, तुमच्या फोनवर टाकलंय का?"

"माझ्या? नाही हो काका. रिलीजच्या आधीचं आहे. पर्सनल फोनवर कोण टाकतं? रिस्क असते."

एवढं सरळ बोलला तो. मनात खोट नव्हती. लपवायची गरजच वाटली नाही त्याला. रिस्क असते. त्याला ठाऊक होतं. आणि समोर चाळीस जणांच्या हातांत चाळीस घरं होती.

मी 'नाही' दाबलं. पन्नाशीत पहिल्यांदा.

फोन म्हणाला, परवानगीशिवाय पुढे जाता येणार नाही.

"मग नाही जात," मी म्हटलं. फोनलाच म्हटलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

"काका, नाटकं करू नका राव. हजेरी कशी लागणार?"

"कंपनीचे फोन आणा, त्यावर तपासा. तोवर हजेरीची वही ठेवा. माझा फोन मिळणार नाही."

माझ्या मागं आमच्याच चाळीतला एक जण होता. प्रत्येक फॉर्म तो माझं बघून भरतो. त्यानं हळूच विचारलं, "काका, मी काय दाबू?"

आजवर मी त्याला "हो दाब" म्हणत आलो.

"वाच," म्हटलं.

सहा-सात जणांनी फोन खिशात घातले. बाकीच्यांनी हो दाबलं. मी त्यांना काय बोलणार? अकरा वर्षं त्यांच्या पुढं मीच होतो.

संध्याकाळी ठेकेदाराचा निरोप आला: ॲप टाकून या, नाहीतर येऊ नका.

दुसऱ्या दिवशी फोन घरी फळीवर ठेवला. बायकोनं बघितलं. गेटवर गेलो.

"फोन कुठंय?"

"घरी."

"मग आलात कशाला?"

"कामाला."

आत सोडलं नाही. शिफ्ट सुटेपर्यंत गेटसमोर उभा राहिलो. माझ्यासोबत ते सहा-सात जण होते, त्यातले आता तीन उरलेत. आज चौथा दिवस. वही आलेली नाही. तिचा मेसेजही नाही, आणि तो मागायचं तोंड मला नाही.

उद्या परत जाणार आहे. फोन घरी ठेवून. बूट घालून. आता आत बोलावलं तरी दाराबाहेर ते काढणार नाही.