कलिपाची काचपट्टी

कलिपाचं कौतुक माझ्या तोंडून सहज निघत नाही. सरोवराकाठच्या बालिक्ची गावात मासळी-कामगारांसाठी पंधरा वर्षं घसा फोडला मी, आणि नाव झालं तिचं. माझ्याच शेजारी बसून मासे साफ करायची. मग प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली, आणि बघता बघता मेणात बसवलेल्या अवयवाचे केसाहून पातळ काप काढायला शिकली. माझे हात काय लाकडाचे होते? पण मला कोण बोलावतंय!

त्या उन्हाळ्यात सरोवरातल्या पिंजऱ्यांत ट्राउट मेले. मालक पिंजऱ्यांवरच्या अकरा कामगारांना म्हणाला, "दुपारी हवेचा पंप बंद ठेवलात. अकराही जण घरी जा." आम्ही म्हणत होतो, महिनाभर बुरसटलेलं खाद्य घातलंय. पुरावा मी आणते म्हटलं. मेलेले वीस मासे गोळा केले. नासू नयेत म्हणून पोटं फाडली, कण्यालगतची काळपट लाल पट्टी सवयीनं नखानं खरवडली, लख्ख धुतले आणि बर्फात घालून तिच्याकडे नेले.

कलिपानं एक मासा उलटापालटा केला. "शायिर एजे, हे तळायला आणलेत का?"

"जीभ आवर. झालं काय?"

"बघायचं होतं तेच खरवडून टाकलंत. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्या पट्टीच्या डोक्याकडच्या टोकात तयार होतात."

एजे म्हणते, म्हणजे मोठी ताई मी, आणि ही मला शिकवणार! पण तिच्याकडे बरणी होती. मासे तडफडत होते त्याच दिवशी तिनं सहा माशांच्या त्या टोकाचे तुकडे औषधात बुडवले होते. शेजारच्या पिंजऱ्यातल्या धडधाकट माशाचा तुकडासुद्धा.

त्यांचे काप काचपट्टीवर ठेवून तिनं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. निरोगी माशात जांभळ्या गोल पेशी खसखशीसारख्या गच्च. मेलेल्यात विरळ, आणि मधेमधे काळ्या-तपकिरी पेशींचे ढीग.

"या तपकिरी पेशी मेलेल्या पेशींचा कचरा गिळून साठवतात," ती म्हणाली. "एवढा कचरा एका दुपारात साठत नाही, एजे. आठवडे लागतात."

पुढं सरकारी चौकशी बसली. तिथं माझं भाषण तयार होतं. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा," आणि काचपट्टी बघायला वाकले. अकराही जण कामावर परतले. सणासारखे कणकेचे बोरसोक तळून बायका गेल्या त्या कलिपाच्या घरी.

"नशीबवान आहेस," मी तिला टोचलं.

"नशीब कसलं? मासे तडफडत होते त्या दिवशी तुम्ही फाटकावर ओरडत होतात, सगळे रखवालदार तिकडे धावले. म्हणून मला होडी घेऊन पिंजऱ्यांपर्यंत जाता आलं."

"मग हे चौकशीत सांगायला काय झालं होतं तुला?"

"कुणी विचारलंच नाही, एजे."

विचारलं नाही म्हणे! तेव्हापासून वाटेत जो भेटेल त्याला मीच सांगते.