साडूभाऊंचा उजवा पाय

डहाणूच्या समुद्रापासून तलासरीच्या हायवेपर्यंत माझ्या थोरल्या साडूंनी काही शिकवलं नाही असा माणूस सापडणं कठीण. बायकोच्या मोठ्या बहिणीचा हा नवरा. सरावलीजवळ चिकूची वाडी, आवाज खणखणीत, आणि समोरच्याला काहीच कळत नाही याबद्दल ठाम खात्री. ते व्यापाऱ्याशी घासाघीस गुजरातीत करत, ट्रकवाल्यावर हिंदीत चिडत आणि शिकवत मात्र शुद्ध मराठीत. न्हाव्याला वस्तरा कसा धरावा हे ते स्वतःच्या गळ्यावर वस्तरा असताना सांगत. धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावाहून बोंबील घेऊन येणाऱ्या मावशींना त्यांनी एकदा मासे वाळवण्याची पद्धत समजावली. मावशींनी टोपली डोक्यावर चढवली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी चिकू बघा, बोंबील आमाला बघू द्या." साडूंनी हे सगळं जगाच्या अज्ञानाच्या खात्यावर टाकलं. बाहेरच्यांना यात गंमत वाटे, मलाही वाटायची. घरात मात्र या शिकवण्याखाली दोन बायका दबून गेल्या होत्या. आक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही चहा करता येतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलगी वृंदा इंजिनीअर होऊन वाडी सांभाळायला परत आली, तर तिच्या हातात गाडीची चावी द्यायला ते तयार नव्हते. "शेजारी बसून बघ," म्हणायचे, "बघूनच येतं."

मग त्यांनी क्रूझ कंट्रोलवाली, म्हणजे बटण दाबलं की ठरवलेला वेग आपोआप राखणारी, नवी गाडी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर तरी विश्वास टाकला. त्या बटणाचं कौतुक त्यांनी अर्ध्या डहाणूला ऐकवलं. तलासरीच्या एका चहाच्या टपरीवर मी ते सविस्तर ऐकलं. "हे बघा साडूभाऊ," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "चाकाजवळ सेन्सर असतो. तो सारखा सांगत राहतो, वेग आत्ता एवढा आहे. आतला कॉम्प्युटर तो आकडा तुम्ही ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघतो. चढ लागला, वेग पडला, की इंजिनाला जास्त हवा आणि इंधन. उतार लागला, की कमी. पण एकदम नाही! तुमची आक्का आमटीत मीठ टाकते तसं बदाकन टाकलं, तर गाडी उड्या मारेल. वेग किती चुकतोय, केव्हापासून चुकतोय आणि किती झपाट्यानं चुकतोय, तिन्हीचा हिशेब करून हळूहळू. ब्रेकला नुसता पाय लागला की सगळं बंद, गाडी परत तुमच्या ताब्यात." आक्का शेजारीच बसली होती. मी विचारलं, "आणि समोर काही आलं तर?" ते तुच्छतेनं हसले. "आपल्या गाडीतल्याला समोरचं दिसत नाही. ते महागड्या गाडीत. त्यात रडार असतं. इथं बघायला मी बसलोय ना!"

हळूहळू लक्षात यायला लागलं की ते जिथं तिथं हायवेनंच जातात. आतल्या वळणावळणाच्या रस्त्यानं वरोरला कुणाकडे जायचं तर सकाळपासून कुरकुर करणारा हा माणूस, चारोटीहून वर तलासरीकडे जायचं म्हटलं की काम नसतानाही निघे. बटण दाबून पाय आखडून बसत आणि "पायाला काय आराम आहे!" असं पुनःपुन्हा म्हणत. एकदा वाडीतून ते एकाच चपलेनं घरी आले. दुसरी चिखलात राहिली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. वृंदा तेवढी हसली नाही.

एका दुपारी तलासरीला साखरपुड्याला निघालो होतो. पुढं ते आणि मी, मागं आक्का. रस्ता मोकळा, वेग ठरवलेला, साडू बोलतायत. तेवढ्यात डाव्या कच्च्या रस्त्यावरून गवतानं भरलेला टेम्पो डुलत हायवेवर आला. अंतर भरपूर होतं. साध्या ब्रेकनं भागलं असतं.

"भाऊ, टेम्पो."

"दिसलाय."

गाडी तशीच चालली होती. जराही दम न खाता, गुळगुळीत, जणू रस्त्यावर काही नाहीच.

"भाऊ, ब्रेक!"

"दाबलाय ना! दाबलाय!" ते ओरडले. मी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकच्या बाजूला, नुसत्या मॅटवर होता आणि ते सगळं अंग ताठ करून मॅट दाबत होते. मी हँडब्रेक ओढला. गाडी फिरली आणि दुभाजकावर आदळली. टेम्पोवाला थांबला, धावत आला, त्यानंच आक्काला बाहेर काढलं. तिनं पट्टा लावला नव्हता. खांद्याचं हाड मोडलं होतं. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त म्हणाली, "यांना लागलं का बघा."

वापीच्या दवाखान्यात साडू डॉक्टरांना टेम्पोवाल्याची चूक समजावत होते. "यंत्रणा बरोबर चालत होती," ते म्हणाले. मी तिथून उठून बाहेर गेलो. नाहीतर काही बोलून बसलो असतो. परत आलो तेव्हा वृंदा पोचली होती. तिनं डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "बाबांचे तळवे बघा." डॉक्टरांनी उजव्या तळव्याला टोचलं. साडू बोलतच राहिले. पुन्हा टोचलं. पाय जागचा हललासुद्धा नाही.

"कधीपासून, बाबा?"

"मागच्या पावसाळ्यापासून," ते म्हणाले. मधुमेहाची गोळी ते लपवून घेत होते, मनाला येईल तेव्हा. पाय बधिर होत गेला, तशी त्यांनी बटणवाली गाडी शोधली. सांगितलं असतं तर मुलीच्या हातात चावी द्यावी लागली असती.

आता गाडी वृंदा चालवते. साडू मागं बसतात. मोकळ्या हायवेवर ते एकदा म्हणाले, "लाव ना ते बटण." "नको," ती म्हणाली. शिकवणं थांबलंय. न्हाव्यालाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतं म्हणे. मला मात्र त्यांची दया येत नाही. आक्काचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, आणि केस विंचरायला तिला मुलीची वाट बघावी लागते.

परवा गेलो तेव्हा आक्का दारापुढच्या ओट्यावर पाट घेऊन बसून त्यांचे तळवे तपासत होती. काटा रुतला, जखम झाली तरी त्यांना कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलंय. चांगल्या हातानं ती एकेक जागा दाबत होती.

"इथं कळतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही गं."

साडू वाडीकडे बघत होते. खणखणीत आवाजाचं काही उरलं नव्हतं. आक्का जरा थांबली, पदरानं कपाळ पुसलं.

"आणि इथं?"

"हो," ते घाईघाईनं म्हणाले, "इथं जरा कळतंय."

आक्काचा हात अजून पदरातच होता. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"बरं," ती म्हणाली.