बाईंची हलकी बॅटरी

बाईंच्या हातात काहीही द्या, त्या आधी ते तळहातावर दोनदा वरखाली करायच्या. खडूंची पेटी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, माझा जेवणाचा डबा, काहीही. मग डोळे बारीक करून म्हणायच्या, "सर, सातशे ग्रॅम भरेल." सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी गणित. एकदा प्रयोगशाळेतल्या तराजूवर मी त्यांचा अंदाज पडताळून पाहिला. तराजूच बिघडलेला निघाला.

ही सवय त्यांना लागली ती मोटारसायकलमुळे.

गाडी खरं म्हणजे त्यांच्या यजमानांची. ते बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. साडेतीनशे सीसीची जुनी, जाडजूड गाडी. बाई पंचवीस वर्षं तिच्यावर मागे बसल्या. पुढे साहेबांना काचबिंदू झाला. समोरचं धूसर दिसायचं आणि बाजूचं जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. धुळ्याला दिलेल्या मुलीने फोनवर सुचवलं, गाडी विका, स्कूटर घ्या, आई चालवेल. साहेब म्हणाले, "स्कूटरवरून भाजी आणतात. माणूस नेत नाहीत."

मग बाईंनी बावन्नाव्या वर्षी तीच मोटारसायकल शिकून घेतली. उंची जेमतेम पाच फूट, वजन गाडीच्या चौथाई. साहेब मागे बसून सूचना द्यायचे. दिसत नसल्यामुळे सगळ्या सूचना आवाजावरून असायच्या. "अगं, ट्रक आहे." "अहो, तो मिक्सर आहे, रसवंतीचा." तुम्ही ही जोडी रस्त्यात पाहिली असती, तर तुम्हीही माझ्यासारखेच थांबून बघत राहिला असता.

एका संध्याकाळी पर्वत पाटियाच्या सिग्नलला गाडी पडली. वेग शून्य होता. शेजारी साड्यांच्या पार्सलांनी भरलेला टेम्पो उभा होता, त्याला जागा द्यायला बाईंनी पाय टेकला तो खड्ड्यात. गाडी हळूहळू आडवी झाली आणि साहेब त्याहून हळूहळू रस्त्यावर बसले. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी बाईंना उचलेना. टेम्पोवरच्या तीन हमालांनी उतरून ती उभी केली. साहेबांनी पँट झटकली आणि एवढंच म्हणाले, "विकून टाक."

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारलंच. आमची बहुतेक मुलं खानदेशातली, घरी अहिराणी बोलणारी. "बाई, तुमनी गाडी पडनी का?" बाई म्हणाल्या, "पडली. गुरुत्वाकर्षण. पान बेचाळीस काढा."

शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांनी मला खरं सांगितलं. साहेब घराबाहेर पडेनासे झाले होते. गुडघा दुखतो म्हणायचे. कुठला गुडघा, ते रोज बदलायचं. रोजची बागेतली फेरी बंद, मित्रांचा कट्टा बंद. गच्चीवरसुद्धा जाईनात.

तेव्हापासून बाईंनी गाडीचं वजन उतरवायला घेतलं. आधी पायांपुढचा लोखंडी गार्ड गेला, मग साडीची जाळी ("गाडीवर मी साडी नेसतच नाही"), मग बाजूची पत्र्याची पेटी. काढलेली प्रत्येक वस्तू तळहातावर तोलून वहीत वजन लिहायच्या. काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर बॅटरीवर गेली.

"सर, जुनी शिशाची बॅटरी चार किलोची आहे. लिथियमची एका किलोच्या आसपास मिळते. उद्या चला माझ्याबरोबर."

"मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच चला. दुकानदार तुम्हाला समजावेल, मी ऐकेन."

अगदी तसंच झालं. दुकानदार पूर्ण वेळ माझ्याकडे बघून बोलत होता. "भाई, ये ले जाओ, सबसे हलकी." त्याने काउंटरवर ठेवलेली डबी बाईंनी उचलली, तोलली आणि म्हणाल्या, "साडेसहाशे." दुकानदाराने खोक्यावरचं वजन पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं.

मग बाईंनी कागद काढला. त्यावर बॅटरीच्या कप्प्याची लांबी, रुंदी, उंची, कुठली वायर कुठल्या बाजूला येते, सगळं लिहिलेलं. त्यांनी विचारलं, "खोक्यावर चौदा अँपिअर-अवर लिहिलंय. हे खरे चौदा की शिशाच्या बॅटरीइतका जोर देते म्हणून चौदा?"

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे.

"बेन, वो तो शिशेवाली के बराबर लिखते हैं," तो शेवटी म्हणाला. "असल में कम है."

"म्हणजे सकाळी दोनदा स्टार्टर मारला तर थकेल. दुसरी दाखवा."

दुसरी थोडी जड निघाली, पण स्टार्टरला जास्त जोर देणारी, आणि जास्त चार्ज झाली तर चार्जिंग आपोआप तोडणारी व्यवस्था आतच असलेली. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. बाई तरीही पैसे काढेनात. "आधी मीटर लावा. गाडी चार्जिंग किती देते ते बघू. पंधरा व्होल्टच्या वर गेली तर ही बॅटरी मरेल." दुकानदाराने रस्त्यावर बसून मीटर लावला, बाईंनी अॅक्सिलरेटर पिळला. काटा नव्हता, आकडे होते. ते सव्वाचौदाच्या आसपास थांबले. नवी बॅटरी कप्प्यात सैल बसली, म्हणून दुकानदाराने भोवती फोम भरला आणि म्हणाला, "बेन, रिटायर हो जाओ तो यहाँ बैठ जाना."

परत येताना मी धीर करून विचारलं, "बाई, एवढ्या जड गाडीतून तीन किलो गेले. पडली तर उचलता येईल?"

"छे," त्या म्हणाल्या. "पण साहेब तीन दिवस झाले माझ्याशी भांडतायत. लिथियम पेट घेतं, शिशासारखं काही नाही, तुला फसवतील. पडल्यापासून एवढं बोललेच नव्हते."

त्या रविवारी साहेब खाली उतरले. सीटवर बसले, दोनदा हलून पाहिलं. "काही फरक नाही," म्हणाले. आणि बसूनच राहिले, बागेपर्यंत.

संध्याकाळी त्यांचा मला फोन. "सर, त्या बॅटरीबरोबर आलेला कागद काढून ठेवलाय मी. अक्षरं मुंगीएवढी आहेत. वाचून दाखवता का? हिला सांगू नका." मी जाऊन पूर्ण कागद वाचला. काही ओळी त्यांनी परत वाचायला लावल्या.

त्याचा उपयोग थंडीत झाला. आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न साक्रीला होतं. मी बसने गेलो, हे दोघं गाडीवर. पहाटेचा गारठा असा, की सुरतेच्या माणसाने जन्मात पाहिला नसेल. निघायच्या वेळी बाईंनी बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. मांडवातली मंडळी जमली. कुणी म्हणालं, धक्का मारू. कुणी म्हणालं, हलकी वस्तू हलकीच असते. बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

साहेब मागून म्हणाले, "अगं, स्टार्टर सोड. हेडलाइट लाव. दोन मिनिटं तशीच राहू दे. ती थंडीत गारठते, आतून जरा गरम झाली की उठेल."

दोन मिनिटं सगळे त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. मग बाईंनी बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला सगळं माहीत असतं," साहेब म्हणाले, आणि रुबाबात मागे बसले. मी मफलर नीट करत राहिलो.

बाई निवृत्त झाल्या आणि दोघं धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. सामान टेम्पोतून पुढे पाठवलं, स्वतः मात्र गाडीवरच. पलसाण्याला बारडोलीकडे रस्ता वळतो, तिथपर्यंत मी पोचवायला गेलो. चहा झाला. बाई म्हणाल्या, "बरं सर, येते." एवढंच. मी चहाचे पैसे दिले.

गाडी वळली, तेव्हा साहेबांनी मागे मान वळवून हात उंच केला आणि बराच वेळ हलवत राहिले. माझ्याकडे नाही, रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका ट्रकच्या दिशेने. ट्रकवाला दात घासत होता. त्याने ब्रश तोंडातच ठेवला आणि ओळख असल्यासारखा हात वर केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो आणि मी, दोघंही हात हलवत उभे होतो.