तारीख नसलेली ऑर्डर

दूध करपल्याचा वास आला की दहिवलीतलं माझं जुनं स्वयंपाकघर आठवतं. जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला नुकती लागले होते. एका बाईंनी फोनवर विचारलं, “पन्नास माणसांचं करशील ना गं? तारीख मागून सांगते.” मग आठ दिवस काहीच नाही. आपण फोन केला तर चिडतील, नाही केला तर पहिलीच ऑर्डर जाईल, या भीतीने मी रोज देवापुढे दिवा लावून ती तारीखच मागत होते. शेवटी दूध तापत ठेवलं आणि नंबर लावला.

“ताई, तारीख ठरली का?”

बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “तेराव्याचं जेवण हाय गं. बाबांचा श्वास अजून चालू हाय.”

दूध उतू गेलं, करपलं, मी तशीच उभी.

दिवा आजही लावते. मागायची मात्र भीती वाटते.