मावशीचा माग अन् माहा आवाज

गाणं शिकवणाऱ्या मावशीवर लिहून राहिलो म्हटलं, का तुमच्या डोळ्यांपुढं तानपुरा आला असन, उदबत्ती आली असन, अन् आता हा पोट्टा रडवते म्हणून रुमालबी काढला असन. ठेवा तो खिशात. माह्या मावशीकडं तानपुरा नोता, अन् मले धड रडताबी येत नाई. मी रडलो तरी लोकाईले वाटते, कोणाची तरी नक्कल करून राहिला. महिन्याआधी निरोप आला तवाबी तेच. आमच्या गावच्या, काटोलच्या एसटी स्टँडवर मी दोस्ताईले एका कंडक्टरची नक्कल करून दाखवत होतो, अन् तोच कंडक्टर मांगून आला. मले वाटलं, आता पडते कानफटात. त्यानं खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "नागपूरहून निरोप हाय गा. तुही इतवारीची मावशी गेली." पोट्टे हसतच होते. त्याईले वाटलं, हेबी मीच बोललो...

इंदूमावशी म्हणजे माह्या मायची मोठी बहीण, विणकराच्या घरी देलेली. सत्तर सालच्या मांगंपुढं मी मॅट्रिक होऊन तिच्याकडं राहाले गेलो अन् एका आर्केस्ट्रात लागलो. काम काय, तं गायकानं चहा प्याचा अन् तेवढ्या टायमात मी नकला कराच्या. मले गायचं होतं. एकच गाणं, पण पूर्ण, अन् माह्या नावानं. मालकाले म्हटलं तं तो म्हणे, "तुह्या गळ्यात दहा गायक हायेत बाप्पा. त्यातला तू कोणता?"

मावशी बायांच्या भजनी मंडळात गाये. आवाज काही मोठा नोता, पण टाळ-ढोलकीतूनबी तिचा शब्द न् शब्द रस्त्यापर्यंत जाये. तिले म्हटलं, "मावशी, माहा आवाज सुधरवून दे न वं." तिनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "सुधरवतो. पहिले तुहा कोणता ते तं आण."

दुसऱ्या दिवशी तिनं मले मागाच्या खोलीत नेलं. मावसाजी माग चालवून राहिले होते. खटखट अशी, का शेजारच्याशी बोलाचं तं कानात तोंड घाला लागे. मले पल्याडच्या भिंतीपाशी उभं केलं अन् स्वतः दारापाशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली. "म्हण. आयकू आलं तं हात वर करीन." मी रेडिओवरच्या गायकासारखा नाकातून सूर काढला. हात वर नाई. मंग बोंबललो. ती उठून आली. "काहून, कोणाची गाय सुटली का?"

मंग खरं शिकवणं सुरू झालं. ओठ मिटून गुणगुण कर, ओठाईले मुंग्या आल्या पायजे. श्वास पोटात घे, खांदे कायले उचलतं, पोतं उचलून राहिला का? तोंड उघड, तंबाखू हाय का आतमंदी? अन् सगळ्यात मोठं म्हणजे शब्दाचं शेवटचं अक्षर. "तुहा शब्द घरून निघते अन् अर्ध्या रस्त्यात बसून जाते. त्याले मुक्कामी पोचव." गंमत अशी, का मी कोणाचा आवाज काढला का तो माग गिळून टाके. थकून साधाच म्हणाले लागलो, का पल्याड तिचा हात हळूच वर जाये.

मावसाजीचे कान त्या खटखटीतच मंद झालेले. एका दुपारी मागाचा धोटा न थांबवता ते म्हणाले, "आज समजलं, हा देवाचं म्हणून राहिला. मले इतके दिस वाटे, भाजीवाला हाय." मावशी एवढी खूश झाली, का त्या दिवशी घरात मटणाचा लालभडक रस्सा शिजला. मले मात्र वरणभात. "तिखटानं गळा धरन तुहा," म्हणे. मी वासावरच जेवलो.

अन् एका गणपतीत गायक आलाच नाई. मालकानं मलेच ढकललं. मंडपाच्या बाजूले जनरेटर भकभक करत होता. मनात म्हटलं, हा मावसाजीचा माग. शेवटच्या रांगेत मावशी बसली होती. पहिली ओळ संपली अन् तिचा हात वर गेला. शेजारच्या बाईले वाटलं, पाणी पायजे. तिनं गिलास आणून देला. मावशीचा एक हात वर, एका हातात गिलास, अन् मी गाऊन राहिलो... माह्या नावानं.

तेरवीले मंडळातल्या बाया म्हणाल्या, "तिचं भजन तूच म्हण." मले वाटलं, तिच्याच आवाजात म्हटलं तं किती चांगलं. म्हटलं. तो बारीक कंप, ध्रुपदाआधी घसा खाकरणं, सगळं. बाया हसतबी होत्या अन् पदर डोळ्याले लावतबी होत्या. "डिट्टो इंदू वं," कोणी म्हणालं. मी फुगलो.

कोपऱ्यातून मावसाजी उठले. ती गेल्यापासून माग झाकलेला होता. त्यावरची चादर त्याईनं काढली अन् पाहुण्याईनं भरलेल्या घरात मागावर जाऊन बसले.

"तिनं तुले एवढे वर्स कायले शिकवलं गा? नकला तं तू मायच्या पोटातूनच घेऊन आला होता."

"मावसाजी, तिची आठवण म्हणून..."

"आठवण मले हाय. तू तुहं म्हण." खटखट सुरू झाली. त्यावरून ते वरडले, "जाय, भिंतीपाशी उभा राय. अन् शेवटचं अक्षर खाल्लं, तं तेरवीचं जेवण भेटणार नाई."