कोपऱ्यातल्या खिळ्यावरची चावी

घंटागाडीत कचरा टाकायला उमादेवी चार पायऱ्या उतरल्या आणि मागे वाऱ्यानं दार आपटलं. लॅचचं दार. चावी आत, गॅसवर दूध आत, आणि अर्धांगवायूनं पडून असलेले सासरे बापूसाहेबही आतच. नवरा नोकरीला बिलोलीत. त्याची चावी त्याच्याबरोबर, आणि तो येणार शनिवारी.

तिसरी चावी होती. समोरच्या कस्तुराबाईंकडे. पण ती मागायची कोणत्या तोंडानं?

कस्तुराबाई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपाच्या पहाटे त्यांच्या दाराला आतून कडी होती. भिंती खचल्या, दार उघडलं नाही, नवरा ग्यानोबा आतच गेले. बाई माहेरी होत्या म्हणून वाचल्या. लातूरला येऊन त्यांनी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, आणि पुढे क्लासची पोरं गल्लीत मावेनाशी झाली तेव्हा मेस काढली. बंद दाराची एक चावी बाहेर कुणाकडे तरी असलीच पाहिजे, हा त्यांचा हेका. त्यामुळे मेसच्या भिंतीवर खिळेच खिळे आणि त्यांवर गल्लीभरच्या खोल्यांच्या चाव्या. इतक्या वर्षांत कुणाची काडी इकडची तिकडे झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी उमादेवींच्या कुड्या सापडेनात; गल्लीभर बोभाटा झाला. संशयाला माणूस समोरच होता. चावी परत मागायला जीभ रेटेना, तेव्हा सभ्य बायका करतात तेच त्यांनी केलं. "आम्ही लॅच बदललाय, जुनी चावी टाकून द्या," असं हसून सांगितलं. बदलणार होत्याच; पण चौथ्या दिवशी कुड्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, त्यांनीच लपवून ठेवलेल्या. लॅच तोच राहिला. कस्तुराबाईंना सांगायचं तेवढं राहिलं. म्हणजे राहू दिलं.

आता खिडकीतून करपल्याचा वास यायला लागला. बापूसाहेबांचा खोकला थांबेना. उमादेवी पळत सुटल्या.

कस्तुराबाई कणीक मळत होत्या.

"ती... जुनी चावी..." उमादेवी दारातूनच म्हणाल्या.

बाईंनी हात पुसले आणि कोपऱ्यातल्या खिळ्यावरून चावी काढली. "चला वैनी, म्हातारं माणूस आत हाय."

दार उघडलं. गॅस बंद करणं, खिडक्या उघडणं, बापूसाहेबांना बसवून पाणी पाजणं, सगळं कस्तुराबाईंनीच केलं. उमादेवी आपल्याच घरात पाहुण्यासारख्या उभ्या होत्या.

"लॅच बदलला नव्हता," त्या म्हणाल्या.

"हाव, ठावं हाय. रोज समोर दिसतंय की."

"कुड्या चौथ्याच दिवशी सापडल्या होत्या."

हे मात्र बाईंना ठाऊक नव्हतं. त्या खाली टेकल्या. "चौथ्याच दिवशी? दोन वर्सं मी तुमच्या दारावरून मान खाली घालून जातेय, वैनी. वाटलं, अजून शोधत असतील."

उमादेवींनी दाराला तशीच राहिलेली चावी काढून पुढे केली. "तुमच्याकडेच असू द्या. मी चुकले."

"न्हाई वैनी. म्हाताऱ्यापायी ठेवली होती. आता दुसऱ्या कुणाकडं द्या. पण द्या, घरात ठेवू नका." बाई उठून कणकेकडे गेल्या.

संध्याकाळपर्यंत उमादेवी चावी मुठीत घेऊन बसल्या होत्या. अख्ख्या गल्लीत दुसरं एक नाव त्यांना सुचलं नाही.